इम्युलेटरवर चालतो, गेमबॉयवर टाइल्स विस्कटतात

तुम्ही स्वतः लिहिलेला गेम इम्युलेटरवर (गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) नीट चालतो, पण फ्लॅश कार्ट्रिजमधून (एसडी कार्डावरचे गेम चालवणाऱ्या कार्ट्रिजमधून) खऱ्या गेमबॉयवर टाकला की टाइल्स, म्हणजे चित्राचे छोटे चौकोनी तुकडे, विस्कटतात, यावर वर बहुतेकांनी एसडी कार्ड बदलायला सांगितलंय. मला कार्डाचा दोष वाटत नाही. कार्ड खराब असतं तर गेम बहुधा सुरूच झाला नसता.

स्क्रीनवर ओळ काढली जात असताना गेमबॉय प्रोसेसरला व्हिडिओ मेमरीत (टाइल्स जिथे साठवल्या जातात तिथे) लिहू देत नाही. लिहिलेलं सरळ वाया जातं, एररही येत नाही. काही इम्युलेटर मात्र ते खपवून घेतात. स्क्रीनच्या 144 ओळी झाल्यावर मिळणारा व्हीब्लँक (पुढचं चित्र सुरू होण्याआधीचा मोकळा वेळ) जेमतेम 1.1 मिलिसेकंदांचा असतो, त्यात मावतील तेवढ्याच टाइल्स कॉपी करा. अख्खा स्क्रीन बदलायचा असेल तर आधी एलसीडी बंद करा, तोही व्हीब्लँकमध्येच. (भलत्या वेळी बंद केला तर जुन्या मशीनच्या स्क्रीनला इजा होऊ शकते, हे खरंच सांभाळा.)

शिवाय सुरुवातीलाच रॅम स्वतः शून्य करा, कार्ट्रिजच्या मेनूने तिथे काहीबाही सोडलेलं असतं. गेम 32 केबीपेक्षा मोठा असेल तर हेडरमधला (गेमच्या फाइलमधल्या माहितीच्या भागातला) हेक्स 147 या पत्त्यावरचा बाइटही तपासा, मॅपर (मोठ्या गेमचे भाग आलटून पालटून समोर आणणारी कार्ट्रिजमधली चिप) कोणता ते त्यावरूनच ठरतं.

टाइल कॉपी करणारा कोड इथे टाका, बघून सांगतो.