मदत हवी आहे: शाळेसमोरचा खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेलं मिश्रण) कसा थांबवायचा?
नमस्कार मंडळी. आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातली कॉलेजची सात-आठ पोरंपोरी. यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही खर्र्याची मारबत (वाईट गोष्टी गावाबाहेर घालवायचा पुतळा) काढली, ‘खर्रा, तंबाखू घेऊन जा गे मारबत’ ओरडत गावभर फिरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी शाळेसमोरच्या पानठेल्यावर सातवीतली मुलं पन्नीत (प्लास्टिकच्या कागदात) खर्रा घोटताना दिसली. जीव तुटतो हो.

२००३ च्या तंबाखूविरोधी कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, १८ वर्षांखालच्यांना तर कुठेच नाही. पण ठेलेवाले काका आमच्याच नात्यातले, घर त्यावरच चालतं. तक्रारीआधी त्यांना समजावून ठेला हलवायला किंवा दुसरा माल ठेवायला कुणी राजी केलंय का? कसं? ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय लिहिलंत?