निवाऱ्यातील स्वयंसेवकांची कदर कशी करावी?

प्रश्न:
बेघरांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेत रात्रपाळीचे स्वयंसेवक अनेक वर्षे विनामोबदला राबत आहेत. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनी, म्हणजे ५ डिसेंबरला, त्यांचा सत्कार करण्याचा विचार आहे. प्रमाणपत्रापलीकडे काय करता येईल?

प्रतिसाद १:
सत्कार जरूर करावा. मात्र मी स्वतः सहा वर्षे निवाऱ्यात अंथरुणे घालण्याचे आणि नव्याने आलेल्या, झोप न लागणाऱ्या माणसाशी पहाटेपर्यंत बोलत बसण्याचे काम केले आहे. एका रहिवाशाच्या मृत्यूनंतर समन्वयकांनी आम्हाला जवळ बसवून ‘तुम्ही कसे आहात?’ असे विचारले, ती कदर मला कोणत्याही मानचिन्हापेक्षा मोठी वाटली.

प्रतिसाद २:
सहमत आहे. प्रवासखर्च वेळेवर द्यावा आणि पाळ्या ठरवताना त्यांचे मत विचारावे.

प्रतिसाद ३:
भांडी घासणारे आणि कपड्यांची वर्गवारी करणारे स्वयंसेवक रहिवाशांसमोर फारसे येत नाहीत, त्यामुळे आभाराच्या यादीतून नेमके तेच सुटतात. त्यांची नावे आधी लिहून काढा. तसेच कार्यक्रमाच्या छायाचित्रांत कोणत्याही रहिवाशाला त्याच्या संमतीशिवाय घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.