अंतराळातल्या युद्धाची मालिका सुचवा, हुकूम नायिकेचा हवा

मंगळवारपेठकर: मुलगी अकरावीला आहे, एनडीएची तयारी करते. 2025 मध्ये खडकवासल्यातून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. तिला अंतराळयुद्धाची मोठी मालिका हवी आहे. इंग्रजी चालेल. नायिका नुसती कुणाची तरी प्रेयसी नको.

कळंब्याचा वाचक: डेव्हिड वेबरची ऑनर हॅरिंग्टन. पहिला भाग 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन', 1993 चा. जहाजाच्या वर-खाली अभेद्य पडदा, पुढचं-मागचं तोंड मात्र उघडं. त्यामुळं सगळी लढाई कोन साधण्याची. फिजिक्स आवडत असेल तर पोरगी पुस्तक सोडणार नाही.

शाहूपुरीची: दादा, ऑनर द्याच, पण आधी एलिझाबेथ मूनची 'वॅटाज वॉर' द्या. पाच भाग, 2003 ते 2008. लेखिका स्वतः अमेरिकेच्या मरीन दलात होती. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीचं स्टोअर सांभाळते, म्हणून मला ही मालिका फार जवळची. नायिकेचं नाव 'काय' (Ky) वॅटा. तिला लष्करी अकादमी सोडावी लागते. घरचा धंदा जहाजांवरच्या मालवाहतुकीचा. ते तिला एक जुनं जहाज भंगारात पोचवायला देतात. ती म्हणते, भंगारात कशाला? शेतीच्या यंत्रांची ऑर्डर घेते, दुरुस्तीच्या पैशाची जुळवाजुळव करते, आणि तेवढ्यात युद्धात सापडते. खलाशांना खायला किती दिवस पुरेल, हेही तिलाच बघावं लागतं. कोल्हापुरात कावळा नाक्यावरच्या पुतळ्यात आपल्याला ताराराणींचा घोडा आणि तलवार दिसते. पण 1700 ते 1707 औरंगजेबाशी झुंजताना गडागडांवर दाणागोटा आणि पैसा पोचवावा लागलाच असेल ना? कप्तानकीची ती बाजू मूननं मन लावून लिहिली आहे.

ऑनरमध्येही मला जकातीचा भाग सगळ्यात आवडतो. कुणालाच नको असलेल्या ठाण्यावर तिला टाकतात, खलाशी नाराज असतात, आणि ही नियमाप्रमाणे एकेका जहाजाचा माल तपासायला लागते.

मंगळवारपेठकर: ताई, ऑनरचे सगळे भाग घेऊ का?

शाहूपुरीची: आधी दोनच घ्या. दुसऱ्या भागात ती अशा ग्रहावर जाते, जिथल्या पुरुषांना बाई अधिकारी ही गोष्टच मान्य नाही. एनडीएला जाणाऱ्या पोरीनं तो वाचायलाच हवा. पुढचे भाग राजकारणानं जाड होत जातात, ते बारावीनंतर.