गॅरीचे वर्ग आणि १९४८चा निकाल

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८च्या निकालाने तिथले शाळेच्या वेळेतले ख्रिस्ती शिक्षणाचे वर्ग बंदच पडले, असं म्हटलं जातं. ते बरोबर नाही. या वर्गांची सुरुवात १९१४ची, इंडियानातल्या गॅरी शहरात, शाळाप्रमुख विल्यम वर्ट यांच्या काळात. मुलं शाळेतून बाहेर पडून चर्चच्या वर्गाला जात. १९४८चा खटला ज्या गावाचा, त्या इलिनॉय राज्यातल्या शँपेनमध्ये मात्र वर्ग शाळेच्याच खोल्यांत भरत: आठवड्यातून एकदा, धाकट्यांना ३० मिनिटं, मोठ्यांना ४५. पालकांच्या सहीचं कार्ड लागे. सर्वोच्च न्यायालयाची हरकत होती ती सरकारी शाळेची इमारत आणि शाळेतली कायद्याने सक्तीची हजेरी धर्मशिक्षणाच्या कामी लावण्याला. १९५२मध्ये त्याच न्यायालयात न्यूयॉर्कची पद्धत टिकली, कारण जागा शाळेबाहेरची आणि खर्च धर्मसंस्थांचा. व्हर्जिनियात तर पुढे शाळेलगत ट्रेलर (चाकांवरच्या खोल्या) उभे करून वर्ग चालले.