शेवाळशेतीत गटाचे पैसे घालावेत का?

खाडीकाठची (मालवण तालुका)
आमच्या बचतगटात दहा बायका आहेत. कालवं काढायची सवय आहे, होडी घरची आहे. प्रशिक्षणात सांगितलं की समुद्री शेवाळ ४५ दिवसांत तयार होतं. २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत एका तराफ्याचा खर्च १५०० रुपये धरलाय, बायकांना ६० टक्के अनुदान. गटाच्या खात्यात चाळीस हजार आहेत. स्वतः केलेल्या कुणीतरी सांगा, घालू का?

तराफेवाला
ताई, मी तमिळनाडूत मंडपमला चार हंगाम तराफे बांधलेत. तिथे कप्पाफायकस नावाचं समुद्री शेवाळ लावतात. १२ बाय १२ फुटांचा बांबूचा तराफा, त्याला ६० किलो बी. बी म्हणजे त्याच शेवाळाचे तुकडे, दोरीला बांधायचे. चांगला तराफा ४५ दिवसांनी अडीचशे किलो देतो. त्यातलं ६० किलो परत बियाला. उरलेलं वाळवलं की दहा किलोचं एक किलो, म्हणजे १९ किलो हातात. किलोला ५० रुपये धरा, साडेनऊशे झाले. म्हणून तिथे माणशी ४५ तराफे असतात: रोज एक काढायचा, रोज एक लावायचा. ही एका माणसाची रोजी. तेच ४५ तुम्ही दहाजणींत वाटलेत तर दिवसाला शंभरही पडत नाहीत.

शिवाय आपला पाऊस. जूनच्या आत सगळं बाहेर काढावंच लागतं. समुद्र तराफे फोडतो, खाडीचं पाणी गोडं होतं आणि गोड्या पाण्यात हे जगत नाही. नोव्हेंबरला लावलंत तर डिसेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत काढणी. आणि पुढच्या नोव्हेंबरला २७०० किलो बी पुन्हा विकत! हा खर्च प्रशिक्षणात कुणी मांडत नाही. आमची एक खेप ट्रकमध्ये तापली, निम्मं बी पांढरं पडून गळून गेलं. ते हातात घेऊन बसलो होतो, अजून आठवतं.

म्हणून आधी पाचच तराफे लावून बघा. खाडीच्या तोंडाशी तीन, आत दोन. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा.

खाडीकाठची
दादा, शंभराचा आकडा वाचून सगळ्याजणी गप्प झाल्या. पण बरं झालं, आता कळलं. पाच तराफ्यांचा माल घेणार कोण?

देवगडचा बागायतदार
ताजं शेवाळ दळून, पिळून रस काढतात आणि पातळ करून झाडांवर फवारतात. भावनगरच्या संशोधन संस्थेने ही पद्धत बसवली आहे. आपल्या बागेपुरतं ठीक. बाटलीत भरून विकायचं तर २०२१ पासून असली उत्पादनं खत नियंत्रण आदेशाखाली येतात, नोंदणी लागते. काढाल तेव्हा सांगा, माझ्या दहा कलमांवर मारून बघतो.

तराफेवाला
सुका माल घेणारे मोजकेच, भाव तेच ठरवतात. दर लिहून घ्या, त्यात ओलावा किती टक्के चालेल तेही. आणि वाळूत वाळवू नका, जाळीवर वाळवा. वाळू लागली की वजनात कापतात. आमचे पहिल्या वर्षी पैसे असेच गेले.