एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ७८ आलाय, अश्वगंधा + भुईआवळी एकदम चालू करू का?

रात्रपाळीवाला:
नमस्कार मंडळी. वय ३६, हिंजवडीत आयटीत आहे, दीड वर्ष झालं अमेरिकेच्या टायमिंगवर काम, झोपायला पहाटेचे चार, जेवण कधीही, दारू अजिबात नाही. चेकअपमध्ये एसजीपीटी ७८ आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, तीन महिन्यांनी या, गोळी काहीच दिली नाही. आता साताऱ्याची मावशी म्हणते भुईआवळी घे, आणि टीममधला एकजण अश्वगंधाच्या कॅप्सूल घेतोय, म्हणतो टेन्शन गेलं की लिव्हर आपोआप सुधारतं. दोन्ही घेतलं तर चालेल ना?

घेटुळी:
अश्वगंधा थांब रे दादा!! माझ्या नणंदेने झोपेसाठी ऑनलाइन मागवून घेतली, महिन्याभरात अंगाला खाज, मग डोळे पिवळे. बंद केल्यावर नॉर्मलला यायला अडीच महिने गेले. अशा केसेस डॉक्टरांनी छापल्यात पण, आइसलँड, अमेरिका, आपल्याकडच्याही. डेन्मार्कने तर २०२३ ला बंदीच घातली, पण त्यांचं कारण लिव्हर नव्हतं, थायरॉईड आणि हार्मोन्सचं होतं, उगाच कोणी फॉरवर्ड करताना मिसळू नका. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण तुझा रिपोर्ट आधीच बिघडलेला, त्यात कशाला.

कुडाचीवाडी:
आमच्याकडे काविळीची माळ घालायचे, काविळ उतरेल तशी माळ लांबते म्हणे. काड्या वाळून आकसतात, दोरा सैल होतो, एवढंच. आणि पाण्यातून झालेली काविळ बहुतेकांची तशीही आपोआप बरी होते, श्रेय माळेला. भुईआवळीचं पण निम्मं नाव असंच झालंय असं मला वाटतं.

वैद्य_बाई:
मी बीएएमएस. माळ आणि भुईआवळी एका पंक्तीत बसवू नका हो. कुटकी, भुईआवळी, पुनर्नवा, काळमेघ ही आमची यकृताची नेहमीची औषधं. पण खरं सांगते, भुईआवळीचे हिपॅटायटिस बी वरचे प्रयोग एकत्र करून तपासले तेव्हा ठोस फायदा दिसला नाही. आणि कोणी आरोग्यवर्धिनी सुचवली तर स्वतःहून आणू नका, निम्मी कुटकी असते हे बरोबर पण त्यात पारा-गंधक आणि ताम्रभस्म पण असतं. गुळवेलीचं आठवतंय का, कोविडमध्ये घरोघरी काढा, मग २०२१ ला मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हर बिघडलेले पेशंट मांडले, आयुष मंत्रालय म्हणालं की वेल दुसरीच असणार. वाद राहू दे, पण ओळख चुकते हे खरंच, भुईआवळीच्या नावाखाली बांधावरचं दुसरंच काही उपटून आणणारे मी बघितलेत. पानांखाली ओळीने बारीक फळं असतात, तरी तिच्यासारख्या दिसणाऱ्या बहिणी आहेत.
टेन्शनचं म्हणाल तर तुमच्या केसमध्ये ते जागरण आणि रात्री दोनच्या खाण्यातून पोटावर चढतंय. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर लिव्हरची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात, एवढं खात्रीचं माझ्याकडे कुठलंच चूर्ण नाही. कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची प्या, ती लिव्हरला वाईट नाही.

रात्रपाळीवाला:
धन्यवाद ताई, घेटुळी तुझे पण. ८४ किलो आहे म्हणजे सहा-आठ किलो. अश्वगंधा कॅन्सल. कॉफी रोज चार कप होतेच पण साखर दोन-दोन चमचे 🙈 आता प्रॉब्लेम वेगळाच, मावशीने वाळवलेली भुईआवळी पिशवीभर एसटीच्या पार्सलने पाठवली पण, उद्या स्वारगेटला घ्यायला जायचंय आणि संध्याकाळी तिचा फोन येणार, घेतलीस का म्हणून.