वॉरंटी, सील आणि घरची दुरुस्ती: तुमचे अनुभव लिहा

कूलर माळ्यावरून खाली आला आणि पंप बंद! वॉरंटी होती, बिलही जपून ठेवलेलं. उघडून बघते तर कोरा कागद. थर्मल कागदाचं बिल, सोलापूरच्या उन्हात कपाटात तापून अक्षरं पार उडालेली. दुकानदारानं दुसरी प्रत काढून दिली म्हणून निभावलं. आता बिल हातात पडलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढते. तुमचं काय झालं? घरी काही दुरुस्त केलं असेल तर तेही लिहा.

होटगी रोडवरून
आठ महिन्यांचा मोबाइल चार्ज होईना. सर्व्हिस सेंटरमध्ये आतली, पाणी लागलं की लाल होणारी पट्टी दाखवली, "पाणी गेलंय, वॉरंटी नाही." फोन पाण्यात पडलाच नव्हता. वाद न घालता म्हटलं, "हेच जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, लिहून सही-शिक्का द्या." मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळाला, कागद पाठवले आणि पंधरा दिवसांत चार्जिंगचा भाग फुकट बदलून मिळाला. नसता मिळाला तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चुकवू नका.

साखर पेठेतून
पंखा रडतखडत फिरायचा. वॉरंटी कधीच संपलेली. मेन स्विच बंद केला, वायरींचा फोटो काढला, पंख्याच्या दांड्यावरची वाटी खाली सरकवली. कपॅसिटर, म्हणजे पंख्याला फिरायला जोर देणारा छोटा भाग, फुगला होता. २.५ मायक्रोफॅरडचा तसाच नवा आणून बसवला. पहिल्या फेरीतच वारा लागला, आई खाली उभी राहून बघत होती!

दुरुस्तीवाला, नवी पेठ
पंखा करा, पण मायक्रोवेव्ह घरी उघडू नका, हात जोडून सांगतो. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये २००० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो. फुगलेली मोबाइल बॅटरीही टोचू-दाबू नका. आणि वॉरंटीतली वस्तू थेट माझ्याकडं आणू नका. मी सील फोडलं की कंपनीला कारण मिळतं. आधी तिकडून लेखी नकार घ्या.

विजापूर रोडवरून
मिक्सर लग्नात भेट आलाय, बिल दाजींच्या नावावर. मला तक्रार करता येईल का?

होटगी रोडवरून
येईल की! विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहकच. बिल तेवढं मागवून घ्या.

विजापूर रोडवरून
आत्ताच फोन केला. दाजी म्हणाले, बिल मिक्सरच्या खोक्यातच आहे. खोकं माळ्यावर आहे, काढते.